पटावरचा मुक्त बाजार

संगणकाच्या पडद्यावर राज्य चालविण्याचा एक खेळ आहे. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने २००२ साली तो काढला. 'नेशनस्टेट्स' हे त्याचे नाव. खेळणाराने एक काल्पनिक राष्ट्र स्थापावे, पुढे येणाऱ्या प्रश्नांवर दिलेल्या पर्यायांतून एक निवडावा, आणि नागरी हक्क, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य या तीन मापांनी आपले राष्ट्र कोठे पोचले ते पाहावे, अशी त्याची रीत. खेळ चतुर आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा वाद आहे तो या पटावर कर उठवून व निर्बंध मोडून मुक्त बाजार स्थापणाऱ्या, आणि तेवढ्यावरून स्वतःस बाजारस्वातंत्र्याचा पाईक समजणाऱ्या खेळाडूशी.

हा गृहस्थ स्वातंत्र्याचा कैवारी म्हणवितो आणि वागतो सुलतानासारखा. त्याचा बाजार मुक्त होतो तोही त्याच्याच फर्मानाने! त्या राष्ट्रात तो स्वतः कधी काही पिकवीत नाही, विकीत नाही. प्रयोग फसला तर दुसरे राष्ट्र काढावयास त्याला काही पडत नाही. ज्या मताचे मोल मत धरणाराला कधीच मोजावे लागत नाही, त्यास करमणूक म्हणणेच रास्त.

बाजार प्रत्यक्षात कसा असतो हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने नांदेड जिल्ह्यातील अर्धापुरास यावे. येथील केळी नामांकित आहेत. त्यांस पाणी मिळते ते पैनगंगेवरील ईसापूर धरणाच्या कालव्याचे, म्हणजे सरकारी खर्चाने आलेले. घड हाती येण्यास वर्षभर लागते. तयार झालेला घड मात्र फार दिवस थांबत नाही. व्यापारी आज कापणीस आला नाही तर उद्या तो सांगेल तो भाव. घेणाऱ्यास वाट पाहता येते, विकणाऱ्यास येत नाही, ही या बाजारातील खरी मेख. शीतगृह नाही, दुसरे गिऱ्हाईक नाही, अशा बागाइतदारास 'तू मुक्त आहेस' असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास नदी मोकळी करून देण्यासारखे आहे.

मग बाजारस्वातंत्र्य हे तत्त्वच खोटे काय? मुळीच नाही. शरद जोशी यांनी बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणास कोरडवाहू शेती केली. १९७९ साली शेतकरी संघटना स्थापिली. १९८० मध्ये कांदा उत्पादकांसह रस्त्यावर बसले आणि तुरुंग पाहिला. रास्त भावाच्या मागणीपासून निघून ते खुल्या बाजाराच्या पुरस्कारापर्यंत आले. डंकेल प्रस्तावास इतर शेतकरी पुढारी विरोध करीत असता त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यांचे प्रत्येक मत आम्हांस मान्य आहे असे नाही. परंतु ते मत विकणाऱ्याच्या बाजूस उभे राहून बनलेले होते, हे त्यांच्या विरोधकांनीही मानले पाहिजे.

आता आमच्या सुशिक्षित कुटुंबांकडे वळू. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती बंदी ठेविली. ज्याने कांदा पिकविला त्यास अधिक भाव देणारे परदेशचे गिऱ्हाईक दिसत होते, पण तेथवर माल नेण्याची मुभा नव्हती. बाजारात सरकारने हात घातल्याचे याहून ढळढळीत उदाहरण कोणते? तरी मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्या किती घरांतून तिचा निषेध झाला? कांदा महागला की सरकारने धावावे, आणि तो मातीमोल झाला की हा बाजाराचा नियमच होय म्हणून मान डोलवावी! यास तत्त्व म्हणावयाचे असेल तर सोय कशास म्हणावे?

बाजारस्वातंत्र्याच्या भक्ताची आमच्या मते एकच कसोटी आहे. पडद्यावरील राष्ट्र त्याने खुशाल मुक्त करावे; पण कांदा महाग झाला त्या दिवशी निमूटपणे पुरा भाव मोजावा आणि सरकारास हाक मारू नये. एवढे ज्यास झेपत नसेल, त्याने अर्धापूरच्या बागाइतदारास स्वातंत्र्याचे धडे देऊ नयेत.