धूर दिसतो, पण भाकरीचा आवाज नाही



मागच्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. पाऊस गेला, सोयाबीन हाती लागले नाही, सोसायटीचे कर्ज तसेच उभे आहे. तिने लिहिले आहे, ‘रोज देवापुढे दिवा लावते. मालक रात्री झोपत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. देव देईल म्हणून बसले आहे. पण कधी देईल?’

हे पत्र वाचले आणि मला १९७२ साल आठवले. तेव्हा मी लहान होतो. विहिरींचे तळ उघडे पडले होते. वडील खडी फोडायच्या कामावर जात. कामावर पोरांना सुखडी मिळे, ती अर्धी खाऊन अर्धी आम्ही खिशात घालून घरी आणत असू. रेशनवर तांबडी मिलो येई. घरातल्या एका गाडग्यात शाळूचे बी राखून ठेवले होते. आई म्हणायची, ‘बी खाल्लं तर पुढचं साल खाल्लं.’ त्याला कुणी हात लावत नसे.

एकदा कामाचा पगार लांबला आणि पीठ संपले. तरी दिवेलागणीला आईने चूल पेटवली, वर नुसते पाण्याचे भगुणे ठेवले. आपल्या छपरातून धूर निघाला म्हणजे गावाला वाटावे, यांच्याकडे स्वयंपाक चालला आहे. आम्ही पोरे भोवती गप्प बसलो होतो.

थोड्या वेळाने पलीकडच्या काकू पदराखाली काहीतरी झाकून आल्या. म्हणाल्या, ‘पोरी, धूर तर दिसतो, पण भाकरी थापल्याचा आवाज येईना.’ पदराखाली सुपात मिलोचे पीठ होते. त्यांच्या घरीही खाणारी तोंडे कमी नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आले. ‘देवानंच पाठवलं तुम्हाला,’ ती म्हणाली. काकू म्हणाल्या, ‘देवानं पाठवलं असंल. पण तू आधी सांगितलं असतंस, तर त्याला एवढा वेळ लागला नसता.’

हे वाक्य मी आजतागायत विसरलो नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनातून ऐकत आलो. दुष्काळ पडला, माणसे अन्नाविना तडफडू लागली, तेव्हा पंतांनी बादशाहाची कोठारे लोकांसाठी उघडली. पुढे बादशाहाचा कोप झाला आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन धान्याचे पैसे भरून आला, असे परंपरा सांगते. आपण विठोबाचा चमत्कार लक्षात ठेवतो. पण त्या कथेतला क्रम पाहा. आधी एका माणसाने जिवावर उदार होऊन कुलूप काढले, मग देव धावला. आणि त्याही आधी भुकेली माणसे पंतांच्या दारात आली होती. ती लाजून घरातच बसली असती, तर?

आपल्या काळातलेही उदाहरण आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ‘मागेल त्याला काम’ यातला पहिला शब्द ‘मागेल’ हा आहे. मागणे म्हणजे भीक नव्हे.

म्हणून त्या भगिनीला सांगतो, ताई, दिवा जरूर लावा. पण रिकामी चूल पेटवून धूर दाखवू नका. माहेरी भावाला खरे काय ते सांगा. सोसायटीत आणि बँकेत जाऊन कर्जाचे हप्ते पाडून मिळतात का, पुनर्गठन होते का, ते विचारा. पीक विमा उतरवला असेल तर कागद काढून चौकशी करा. आणि सर्वांत आधी मालकांजवळ बसा. ‘किती देणं आहे ते मला सांगा, आपण दोघं मिळून बघू,’ एवढेच म्हणा. त्यांना एकटे सोडू नका. गावातल्या जाणत्या माणसाला आणि डॉक्टरांनाही त्यांची झोप उडाल्याचे सांगा. जमीन, पीक, दागिना पुन्हा मिळवता येतो. माणूस मिळत नाही.

आणि ज्यांच्या कणगीत यंदा चार दाणे आहेत, त्यांनाही एक विनंती. संध्याकाळी शेजारच्या घराकडे जरा कान द्या. धूर दिसत असेल आणि भाकरीचा आवाज येत नसेल, तर सूप घेऊन उठा. त्या घरी कुणीतरी देवाची वाट पाहत असेल.

त्या साली आमचे शाळूचे बी वाचले. पुढच्या हंगामात तेच पेरले. पहिली पायली आईने काकूंच्या घरी नेऊन दिली, आणि मगच देवापुढे कणीस ठेवले.