बंकर साफ करा म्हणता, कोणते?

प्रति,
सचिव, केंद्रीय गृह मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय,

५ मे २०२५ रोजी आपल्या मंत्रालयाने राज्यांना नागरी संरक्षण सरावाचे पत्र धाडले. भोंगे वाजवून पाहा, दिवे घालवा, नागरिकांना शिकवा, आणि हो, बंकर व खंदक साफ करून घ्या. देशभरातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांना ही सूचना होती. महाराष्ट्रातली मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे तर आपल्या यादीत पहिल्या श्रेणीत आहेत. मुंबईत नेमका कोणता बंकर झाडून घेतला, हे कळवल्यास वाचकांच्या ज्ञानात भर पडेल.

सराव ठरला होता ७ मेच्या दुपारी. जम्मू-काश्मीरमधल्या पूंछ शहरावर पाकिस्तानचे तोफगोळे पडू लागले ते त्याच दिवशी पहाटे. डझनाहून अधिक नागरिक गेले. त्यांत शाळकरी वयाची जुळी भावंडे होती. गुरुद्वाऱ्यालाही गोळा लागला. जीव मुठीत धरून लोक पळाले, कारण शहरात शिरायला बंकरच नव्हते. बंकरांसाठी सीमेवरच्या गावांची यादी झाली तेव्हा शहर तिच्यात बसत नव्हते. तोफेच्या पल्ल्याला मात्र नगरपालिकेची हद्द कळत नसावी.

यादी आपल्याच मंजुरीची आहे, त्यामुळे आकडे आपल्याला पाठ असतीलच. उजळणीपुरते इथे दिले आहेत. मंजूर बंकर १४,४६०, खर्च ४१५.७३ कोटी रुपये. त्यांपैकी १३,०२९ घरोघरचे: १६० चौरस फूट, आठ माणसे. उरलेले १,४३१ सामुदायिक: ८०० चौरस फूट, चाळीस माणसे. दोन्हीकडे माणशी वीस चौरस फूट. राजौरीत ४,९१८ घरगुती आणि ३७२ सामुदायिक, कठुआत ३,०७६ आणि २४३, सांबात २,५१५ आणि ८, जम्मूत १,२०० आणि १२०. पूंछच्या वाट्याला १,३२० आणि ६८८. म्हणजे कागदावरचे सगळे बंकर बांधून झाले, तरी पूंछ जिल्ह्यात ३८,०८० जणांना जागा होणार. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४,७६,८३५ होती. शंभरातले आठ आत, बाकीच्यांनी काय करायचे ते आपल्या पत्रात नाही. कुपवाडा आणि बारामुल्ला यांची नावे तर या मंजुरीत कुठेच नव्हती; मे महिन्यात गोळे तिथेही पडले.

हे सारे मंजुरीचे आकडे झाले. प्रत्यक्ष बांधून झालेले किती? मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या मुख्य सचिवांनीच सांगितलेला आकडा साडेनऊ हजारांच्या आसपासचा आहे.

आणि बांधलेल्यांचे पुढे काय होते? फेब्रुवारी २०२१ मध्ये शस्त्रसंधीवर पुन्हा सहमती झाली, तोफा थंडावल्या आणि बंकरही विस्मरणात गेले. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ च्या अखेरीस, पूंछमधल्या सलोत्री आणि करमाडा गावांतले लोक स्वतः झाडू-फावडी घेऊन बंकर उपसताना देशाने पाहिले. बातम्यांत ते कौतुकाने दाखवले गेले. कौतुक गावकऱ्यांचे ठीक आहे, पण हे काम त्यांच्यावर का आले? आर. एस. पुरा-अर्नियाचा पट्टा बासमतीचा. भाताच्या शेताशेजारी जमिनीखाली काँक्रीटची खोली बांधली की पावसाळ्यात तिच्यात पाणी येणार, हे कळायला अभियंता लागत नाही. बंकरांत पाणी साचल्याच्या तक्रारी तिथून वर्षानुवर्षे येत आहेत. पंप कोणी चालवायचा, दार गंजले तर बदलायचे कोणी, किल्ली कोणाकडे? अंगणातला बंकर घरमालकाचा की सरकारचा, हे तरी एकदा लेखी सांगून टाका.

स्वित्झर्लंडने हा प्रश्न १९६३ च्या कायद्याने सोडवला. तिथे बंकर तळघरात, मालकाच्या खर्चाने. ज्याला बांधावा लागत नाही, तो माणशी ठरलेली रक्कम सरकारजमा करतो. देशात आज सुमारे ९० लाख जागा आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक रहिवाशाला एक. हवेचे गाळणयंत्र वीज गेली तरी हाताने फिरवता येते. लोक बंकरात वाइनच्या बाटल्या आणि जुन्या सायकली ठेवतात, त्यालाही हरकत नाही. पाच दिवसांत रिकामा करता आला पाहिजे एवढीच अट. आणि ठरावीक मुदतीने तपासनीस येऊन दार, झडपा, पंखा पाहून जातो. त्यांचेही चुकते म्हणा. ल्युसर्नच्या सोनेनबर्ग बोगद्यात २० हजार माणसांचा निवारा होता. १९८७ च्या सरावात त्याची अजस्र दारे नीट बंदच होईनात. पण ते कळले, कारण त्यांनी दारे लावून पाहिली. आपल्या सरावात भोंगे वाजले, दिवे गेले.

आपल्याला इतके महाग काही नको आहे, अगदी अणुहल्ल्याचा विचार केला तरी. अणुस्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीचा जोर झपाट्याने ओसरतो: सात तासांनी सुमारे दहावा हिस्सा उरतो, दोन दिवसांनी शंभरावा. जाड भिंतींच्या खोलीत पहिले दोन दिवस काढता आले, तरी कित्येक जीव वाचतात. मुंबईत कित्येक नव्या टॉवरांखाली अशी तळघरे आहेत, पण ती गाड्यांसाठी. किती चौरस फुटांच्या फ्लॅटला किती पार्किंग, हे नियमात काटेकोर लिहिलेले आहे. आगीत थांबायला उंच इमारतींत रेफ्यूज एरिया सक्तीचा आहे. सक्ती कशी करायची हे सरकारला उत्तम येते. तरीही पहिल्या श्रेणीच्या मुंबईत त्याच तळघराचा एक कोपरा माणसांसाठी राखा, असे कोणी बिल्डरला सांगत नाही. तारापूरला १९६९ पासून अणुभट्ट्या चालू आहेत. तिथल्या गावकऱ्यांनी भोंगा ऐकून नक्की कुठल्या खोलीत जायचे?

तेव्हा, महोदय, पुढचा सराव जाहीर करण्याआधी १४,४६० बंकरांची गाववार यादी प्रसिद्ध करा. प्रत्येकासमोर चार रकाने पुरेत: बांधला की नाही, शेवटचा कधी उघडला, आत पाणी किती, देखभालीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची. पूंछ शहराचे पान वेगळे ठेवा. आणि २४४ जिल्ह्यांपैकी ज्यांनी बंकर साफ केल्याचा अहवाल पाठवला असेल, त्यांच्याकडून त्या बंकरांचे पत्तेही मागवून घ्या.