मागचं फाटक

परवा रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. वार्षिक सर्वसाधारण सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास ताटकळावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गर्दीचं नवल वाटेल. विषय होता शेजारच्या खासगी शाळेच्या विस्ताराचा. पुण्याच्या या उपनगरात तीस वर्षांपूर्वी एका बंगल्यात सुरू झालेली ही शाळा आज चार मजली आहे. आता तिला अकरावी-बारावीसाठी नवी इमारत हवी, बंदिस्त क्रीडासंकुल हवं, पोहण्याचा तलाव हवा. त्यासाठी तिची नजर लगतच्या मैदानावर आहे. विकास आराखड्यात या मैदानावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. ते बदलावं असा प्रस्ताव निघाला आहे आणि नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे हरकती-सूचनांची एक महिन्याची मुदत सुरू झाली आहे.

पहिला तास मी अभिमानाने ऐकत होतो. सकाळी सव्वासातला गल्लीत बस, व्हॅन आणि पालकांच्या गाड्या अशा अडकतात की मध्यंतरी रुग्णवाहिकेला पाव तास उभं राहावं लागलं. हॉर्नच्या आवाजाने आजारी म्हाताऱ्यांची झोप मोडते. मैदान गेलं तर वारा जाईल, उजेड जाईल. एका गृहस्थांनी फ्लॅटच्या पडणाऱ्या भावाचा हिशेबही मांडला, तेही समजू शकतो. वाटलं, माणसं जागी झाली. पंचेचाळीस जणांनी हरकतीच्या कागदावर सह्या केल्या.

मग शाळेचे विश्वस्त बोलायला उठले. माणूस गोड आणि पूर्ण तयारीचा. म्हणाले, नवं फाटक मागच्या बाजूला काढू. साऱ्या बस तिकडून येतील-जातील, तुमच्या गल्लीत एक चाक फिरणार नाही. सोसायट्यांतल्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देऊ. सकाळी फिरायला ज्येष्ठांसाठी ट्रॅक मोकळा ठेवू. वीस मिनिटांत विरोध विरघळला. सह्यांचा कागद कुणीतरी घडी करून खिशात घातला आणि सामोसे आले.

मागच्या बाजूला काय आहे, असं एकानेही विचारलं नाही.

विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या बाजूला वस्ती आहे. आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या बायका, सोसायटीचा वॉचमन, शाळेच्याच व्हॅनवरचे काका, सगळे तिथेच राहतात. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं, एवढीच तिथली गल्ली. घरांची दारं थेट तिच्यात उघडतात. रांगतं मूल उंबरा ओलांडतं ते रस्त्यावरच. आमच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी फूटपाथ आहे, तरी आम्हाला बसचा त्रास होतो. तोच त्रास आता त्या दारांत नेऊन ठेवायचा आणि त्याला ‘तोडगा’ म्हणायचं!

आणि ते मैदान. आमच्या दृष्टीने तो मोकळा प्लॉट आहे. वस्तीच्या दृष्टीने तिथे पोरांचं टेनिस बॉलचं क्रिकेट आहे, गोविंदांचे थर आहेत, लग्नाचा मांडव आहे, आणि कुणाकडे मयत झालं तर आलेल्या माणसांनी बसायची जागा आहे. क्रीडासंकुलाला कुंपण असेल, कुंपणाला पहारेकरी असेल, आणि तो बहुधा याच वस्तीतला असेल.

सभेत एका ताईंनी एक प्रश्न हळू आवाजात विचारला, तो मला अजून टोचतो आहे. ‘इमारत वाढली म्हणजे आरटीईची मुलंही वाढतील का हो?’ विश्वस्त हसून म्हणाले, ‘ताई, काळजी नको. तो नियम प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला. अकरावी-बारावीला तो लागत नाही.’ हॉलमध्ये सुटकेचा निःश्वास पसरला. त्यांनी सांगितलं ते खरंच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा पहिलीला किंवा शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथे भरतात, आणि कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचाच. म्हणजे सार्वजनिक मैदान गिळून उभ्या राहणाऱ्या इमारतीत वस्तीतल्या एकाही मुलासाठी हक्काचा बाक नसेल. यावर संताप यायला हवा होता. आम्हाला हायसं वाटलं.

या कायद्याचा सारा डोलारा ‘शेजार’ या कल्पनेवर उभा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून मोकळं केलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. मधल्या महिन्यांत आमच्या हॉलमध्ये कुणी सभा बोलावली नाही, खुर्च्या कमी पडल्या नाहीत. शेजारी कोण आणि परका कोण, हे आम्ही कायदा न वाचताच ठरवून टाकलं आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. याच पुण्यात त्यांनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली. आपण त्यांच्या जयंतीला हार घालतो आणि अकरा महिने एकोणतीस दिवस त्यांच्या विरोधकांसारखे वागतो. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आम्हाला कुणी दागिने मागत नाही. आमच्या वाट्याचा हॉर्न दुसऱ्याच्या दारात ढकलू नका, एवढंच मागणं आहे, आणि तेही आम्हाला जड जातं.

शाळेला मी खलनायक ठरवत नाही. तिला वाढायचं आहे, तिने भाव सांगितला. तो स्वीकारणारे आम्ही. दुसऱ्याचं मैदान विकून स्वतःच्या मुलाचा प्रवेश आणि स्वतःचा चालण्याचा ट्रॅक घेणाऱ्याला बाजारात दलाल म्हणतात. सोसायटीत त्याला जागरूक नागरिक म्हणतात. यात मी बाहेरचा नाही. माझी मुलगी याच शाळेत शिकली. इंडिकेटर लावून दुहेरी रांगेत गाडी उभी करणाऱ्यांत बारा वर्षं मीही होतो, आणि रविवारी त्या ताईंच्या प्रश्नावर मी गप्प बसलो. घरी आल्यावर बोलायला शब्द सुचले. आमच्यासारख्यांना ते नेहमी घरीच सुचतात.

‘वस्तीवाल्यांनी स्वतः हरकत घ्यावी, त्यांना कुणी अडवलंय?’ असं आमचे चेअरमन म्हणाले. नोटीस कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात छापून आली होती, हे खरं. पण सकाळी सातला आपल्या ओट्यावरची भांडी घासायला येणाऱ्या बाईने ती कोपऱ्यातली बारीक अक्षरं केव्हा वाचायची? आपण ती वाचली होती, म्हणून तर सभा झाली. तिला मात्र आपल्यापैकी कुणी, चहाचा कप हातात देतानाही, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत. हरकत साध्या कागदावर लिहिता येते, मराठीत चालते, वकील लागत नाही. नाव, पत्ता, सही आणि ‘क्रीडांगणाचं आरक्षण कायम ठेवावं, सुनावणी द्यावी’ एवढं पुरेसं आहे. मी माझी मंगळवारी महापालिकेत देऊन पोच घेतली. बुधवारी संध्याकाळी सात वाजता मागच्या गल्लीत, मारुतीच्या देवळापाशी, कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसतो आहे. ज्यांच्या सह्या त्या घडी केलेल्या कागदावर आहेत, त्यांनी पेन घेऊन यावं. मागच्या बाजूने यावं.