तांबीला उगाच बदनाम करू नका



'तांबीने कर्करोग होतो' हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान निराधार आहे. सुरुवातीचे काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाते, पोटही दुखते, हे मान्य. पण तांबी काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. 'कॉपर-टी ३८० ए' ही तांबी दहा वर्षे चालते. ती नको असेल तर सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन किंवा हार्मोन नसलेली 'छाया' गोळी मोफत मिळते.

'शेवटी बाईचे ऑपरेशनच बरे' असे ते लिहितात. बिनटाक्याची पुरुष नसबंदी त्याहून सोपी असते, ती त्यांना आठवली नाही! र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ साली; तरी आजही असे गैरसमज वाचावे लागतात.

– एक परिचारिका, सातारा