सोन्याचे कण आणि आत्याची मशेरी

आत्याचा फोन शक्यतो गणपतीच्या आधी येतो आणि त्यात 'कधी येतेस?' एवढाच अजेंडा असतो. या वेळी मात्र आधी फॉरवर्ड आला. 'सोन्याच्या कणांनी कॅन्सर गायब! ना ऑपरेशन, ना केमो!' खाली हात जोडलेले तीन इमोजी. पाठोपाठ फोन.

"अगो, तू पेपरात लिहितेस ना? मग सांग, हे खरं काय?"

आत्या सावर्ड्याची. सावर्डे म्हणजे कोकण रेल्वेचं छोटं स्टेशन, मुंबई-गोवा हायवे आणि काथाचे कारखाने. पण आत्याला पानाचा शौक नाही. तिची सकाळ मशेरीने होते, गेली चाळीस वर्षं. 'दात घासते गो, तंबाखू कुठे खाते?' हे तिचं ठरलेलं उत्तर. 'मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच' हे माझं ठरलेलं प्रत्युत्तर. आता तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आलाय आणि डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय. ही बातमी तिने फोनच्या अगदी शेवटी, रेंज जाता जाता सांगितली. "लेझरनं होतंय तर तुकडा कशाला काढायचा?"

मग बसले वाचायला. गंमत म्हणजे फॉरवर्ड अर्धा खरा निघाला! आणि तो अर्धा भाग चक्क आपल्या पवईचा आणि खारघरचा आहे. आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अॅक्ट्रेक या संशोधन केंद्राचे अभिजित डे यांच्या टीमने २०१५ साली 'नॅनो लेटर्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चरबीच्या इवल्याशा फुग्यांवर सोन्याचा मुलामा द्यायचा, ते गाठीत पोचवायचे आणि वरून लेझर टाकायचा. हा प्रकाश तांबड्याच्या पल्याडचा, ७५० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो कातडीतून थोडा आत शिरतो. सोनं तो शोषून घेतं, तापतं आणि भोवतालच्या कॅन्सरच्या पेशी भाजून निघतात. काम झालं की हे फुगे फुटतात आणि सोन्याचे बारीक कण शरीराबाहेर पडू शकतात. भारी आहे ना?

दुसरा प्रकार औषधाचा. हे औषध अंधारात गप्प बसतं. त्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की ते आजूबाजूच्या ऑक्सिजनला असं काही चेतवतं की पेशी मरते. 'फोटोफ्रिन' नावाच्या अशा औषधाला अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली. अडचण एकच. औषध अंगभर पसरतं, त्यामुळे पेशंटला निदान महिनाभर ऊन चुकवावं लागतं. कोकणात, ऐन मे महिन्यात, अंगणात आमसुलं वाळत घातलेली असताना आत्याला हे सांगून बघा! म्हणूनच तर नॅनोकणांचा खटाटोप. औषध कणात भरायचं आणि थेट गाठीच्या पत्त्यावर पाठवायचं, म्हणजे बाकीच्या अंगाला त्रास नको.

पण हे कुरिअर अजून भरवशाचं नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे साधारण ०.७ टक्के. म्हणजे शंभरातला एकही धड नाही! उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात. प्रकाशही आत एक-दोन सेंटिमीटरच्या पुढे फारसा टिकत नाही. पवई-खारघरचा प्रयोग उंदरांवरचा होता. माणसांवर चाचण्या झाल्यात, नाही असं नाही. अमेरिकेत प्रोस्टेटच्या १६ पेशंट्सवर सोन्याचा मुलामा दिलेले कण वापरून बघितले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि ते आशादायकही होते. पण सोळाच जण. सावर्ड्यातून तिकीट काढून गाठावी अशी ही ट्रीटमेंट अजून नाही.

गालाच्या आतली जागा प्रकाशाला सोयीची खरी, कारण तिथे तो सहज पोचतो. पण त्याच कारणाने तिथला चट्टा साध्या टॉर्चनेही दिसतो. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो. काहींचा मात्र पुढे होतो, आणि कुठला ते ठरवायला तो तुकडाच लागतो. लेझर असो की सोनं, कशावर मारायचं हे आधी कळायला नको?

हे सगळं मी आत्याला सांगितलं. कुरिअरचा दृष्टान्त तिला आवडला. "म्हणजे पार्सल हरवतंय म्हण की." मग बराच वेळ गप्प. नंतर हळूच म्हणाली, "तुकड्याची भीती नाही गो. त्यातून काय निघेल त्याची आहे."

यावर गुगलकडे उत्तर नव्हतं. मी शनिवारची गाडी पकडली. सोमवारी आम्ही दोघी डेरवणला वालावलकर हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी टॉर्च पेटवला, जागा बधिर केली आणि मूगडाळीएवढा तुकडा घेतला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "एवढंच?"

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. मशेरीचा डबा आत्याने तव्यासकट शेजारच्या काकूंना देऊन टाकलाय.

आता काकूंशी बोलायला हवं.