बुटक्या सायकलींचा थाट

लोरायडर सायकल ही दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांची निर्मिती. थोरले आपल्या मोटारी जमिनीलगत बसवीत. परवान्याचे वय न झालेली मुले तोच षोक सायकलीवर भागवू लागली. १९६३ मध्ये श्विन कंपनीने अल फ्रिट्झ यांनी आखलेली ‘स्टिंग-रे’ बाजारात आणली : २० इंची चाके, उंच हँडल, केळ्यासारखी लांबट सीट. सजावटीसाठी हा सांगाडा आयताच सापडला. पीळ दिलेल्या क्रोमच्या दांड्या, मखमली सीट, फ्रेमच्या पोकळीत बसवलेला पत्रा, त्यावर एअरब्रशची चित्रे. एकेका चाकात १४४ स्पोकसुद्धा. (ते पुसणाऱ्याची कीवच यावी.) वळताना पेडल जमिनीला घासते, वेगही बेताचाच. प्रदर्शनात मात्र रंगकाम, जोडकाम आणि क्रोमची झळाळी जोखली जाते. सायकल किती पळते, हे तिथे कोणी विचारत नाही.