नियम चालतील, बेपर्वाई नको

कामानिमित्त महिन्यातून दोन-तीनदा माझा विमानप्रवास होतो. सुरक्षा तपासणीला माझी हरकत नाही. २००६ साली बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलीची मर्यादा आली, ती पटते. पण नियम एक आणि अर्थ दहा का? एकीकडे चार्जर पिशवीत चालतो, दुसरीकडे तोच बाहेर काढायला लावतात. बायकांची तपासणी पडद्याआड, पण खोपटं बहुधा एकच, म्हणून आमची रांग हलतच नाही. गुडघे धरून उभ्या असलेल्या आजींनी काय करायचं?

आणि मैत्रिणींनो, आपण प्रवासी तरी कुठे शहाणे? ट्रेपाशी पोहोचल्यावरच नाणी न् मोबाइल चाचपायचे, रिकामा ट्रे तिथेच टाकून निघायचं. विमान टेकलं, की दार उघडण्याआधीच उभं राहून आजींच्या डोक्यावरून बॅग ओढायची! अधिकाऱ्यांनी खोपटी वाढवावीत, हे मी म्हणणारच. पण ट्रे उचलायला कुठला सरकारी आदेश लागतो?

घरी पंगतीत आपण आधी वडीलधाऱ्यांना वाढतो. मग ती रीत उंबऱ्याच्या आतच ठेवून विमानतळावर का जातो?